म्हातारे उंदीर, पुन्हा पुन्हा येणारा ताप आणि आईच्या वाती

कातळावरचा | २ ऑगस्ट, रात्री १०.४०

मंडळी, धागा लांबणार आहे. बाहेर पाऊस थांबत नाही, लाइट गेलेत, मोबाईल चार्ज आहे तोवर लिहून घेतो.

आई ७६ वर्षांची. गुहागर तालुक्यात आमचं घर, समुद्रापासून चालत वीस मिनिटं. मिरग लागल्यापासून तिला तीनदा ताप आला. पहिला लघवीच्या संसर्गाचा, दुसरा छातीत कफ भरून. तिसरा कशाचा ते रक्त तपासूनही नीट कळलं नाही, पण लेप्टो आणि डेंगी नाही एवढं निघालं. तिन्ही वेळा दोन-चार दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी नेताना सांगण्यात आलं, "ताप नाही, सगळं नॉर्मल आहे, आता वयच झालंय." थर्मामीटर माझ्याकडेही आहे. तो खोटं बोलत नाही हे मान्य.

पण आई वाती करत नाहीये.

बारा महिने दुपारी जेवणं झाली की ती पडवीत भिंतीला टेकून बसते. मांडीवर जुनं फडकं, शेजारी कापसाची पिशवी. सरकीचा बारीकसा तुकडा राहिला असेल तर नखाने काढते, कापूस फुलवते, चिमटीत धरते आणि बोटं दुधात बुडवून फुलवातीचं टोक वळते. कोणी सांगत नाही, कोणाला एवढ्या वाती लागतही नाहीत, अर्ध्या गावाला वाटते. जूनमधला ताप उतरला त्यानंतर चौथ्या दिवशी पिशवी बाहेर आली. जुलैच्या सुरुवातीचा उतरला तेव्हा अकराव्या दिवशी. तिसरा २४ जुलैला उतरला, आज नववा दिवस, पिशवी खुंटीलाच आहे. जेवते, विचारलं तर उत्तर देते, अंघोळ करते. सांगितलेलं सगळं करते. न सांगितलेलं काही करत नाही.

आता उंदीर कुठून आले ते सांगतो. आंब्याच्या बागेसाठी परत येण्याआधी मी नऊ वर्षं मुंबईत एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात होतो. शास्त्रज्ञ नव्हे, तंत्रज्ञ. पिंजरे, वजनं, नोंदी. त्यात म्हाताऱ्या उंदरांचं काम बरंच केलं, आणि आईकडे बघून गेले दोन आठवडे मला ते पिंजरेच आठवताहेत.

तिथे दाह, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराचं पेटून उठणं, निर्माण करायला जिवंत जंतू वापरत नाहीत. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, बोलताना सगळे एलपीएस म्हणतात. जिवाणू मेला तरी त्याच्या या सालीत विष असतं हे १८९२ मध्ये रिशार्ड फायफर यांनी कॉलऱ्यावर काम करताना ओळखलं, एंडोटॉक्सिन हा शब्द त्यांचाच. शरीर ती साल ओळखतं कशाने, हे कळायला मात्र १९९८ उजाडलं. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला टीएलआर-४ हा पहारेकरी सापडला, तोही एलपीएस दिलं तरी ढिम्म राहणाऱ्या उंदरांची एक जात तपासताना. त्याबद्दल २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

तर ही साल अगदी थोडी, पोटात टोचायची. संसर्ग होत नाही, पण शरीराला वाटतं झालाय. दोन तासांत उंदीर कोपऱ्यात जातो, पाठ वाकवून गोळा होतो, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. खाणं बंद. साखरेचं पाणी आणि साधं पाणी दोन्ही ठेवलं तर एरवी साखरेवर तुटून पडणारा प्राणी आता फरक करत नाही. पिंजऱ्यात नवं पिल्लू सोडलं तर हुंगायलाही जात नाही. याला आजारपणाचं वर्तन म्हणतात. हा बिघाड नव्हे, आजारी प्राण्याने पडून राहावं, ताकद तापासाठी वाचवावी अशी शरीराची ती सोयच आहे, असं बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं. आपण म्हणतो ना, "अंगात ताप आहे, पडून राहा," तेच.

तरुण उंदीर दुसऱ्या दिवशी उठतो. म्हातारा उठत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने २० ते २४ महिन्यांच्या आणि तरुण उंदरांना वजनाच्या हिशेबाने एकसारखाच डोस दिला. म्हाताऱ्यांच्या मेंदूत दाहाचे निरोप देणारी रसायनं, इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-६, जास्त वाढली आणि खाणंपिणं, भेटीगाठी पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागला. २००८ मध्ये त्याच धाग्यावरचं पुढचं काम आलं: तीन दिवसांनी, वरवर आजारपण सरल्यावरसुद्धा म्हातारे उंदीर चाचण्यांत हातपाय गाळून राहत होते.

का, तर मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी. आमच्या बागेच्या भाषेत सांगतो. वानरं हाकायला राखण्या ठेवतो. नवा राखण्या वानर दिसल्यावर गोफण उचलतो. दहा हंगाम केलेला राखण्या गोफणीत दगड घालूनच बसलेला असतो, पान हललं की सोडला. वानर पळतं, पण चार आंबेही खाली येतात. वय वाढलं की मायक्रोग्लिया अशा दगड घालून बसतात, आणि आधी एखादा मेंदूचा आजार सुरू असेल तर आणखीच. ह्यू पेरी आणि कॉम कनिंगहॅम यांनी उंदरांवर हे दाखवलं.

माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एकामागून एक रोज डोस दिले तर उलटंच होतं, शरीर सरावतं, चौथ्या दिवशी त्या डोसाचा उंदरावर फारसा परिणामही दिसत नाही. पण मध्ये अंतर सोडून, बरं होऊ देऊन परत, बरं होऊ देऊन परत, असं उतारवयातल्या नर उंदरांवर केलं तेव्हा स्मृतीच्या चाचण्यांत ते मागे पडले, आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागात पेशींचे जोड घट्ट होण्याची जी क्रिया असते, जिच्यावर शिकणं अवलंबून, ती मंदावलेली दिसली. आमच्याकडचा पावसाळा नेमका असाच असतो. ताप, दोन आठवडे बरं, ताप.

कोणाच्या घरी असा अनुभव आहे का? म्हणजे ताप गेला, पण माणूस पूर्ण परत आलं नाही?

सुरंगी | २ ऑगस्ट, रात्री ११.१५

आहे. सासूबाई, ८१. गेल्या भाद्रपदात लघवीचा संसर्ग झाला. ताप फार नव्हताच. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पडवीत दादा बसलाय, त्याला चहा दे." त्यांचा दादा जाऊन तीस वर्षं झाली. मी घाबरून दिवा लावायला धावले, यांनी गाडी काढली. औषधाने चार दिवसांत दादा गेला. पण त्यानंतर त्यांनी पत्ते खेळणं सोडलं ते सोडलंच. आधी झब्बूत आम्हाला सगळ्यांना लुटायच्या. मी कोणाला सांगितलं नाही, कारण पत्ते खेळत नाहीत ही काय तक्रार झाली?

तुमचं "न सांगितलेलं काही करत नाही" वाचलं आणि पोटात कालवलं.

तिरकस | २ ऑगस्ट, रात्री ११.५२

आईंना बरं वाटो. पण धाग्यातलं शास्त्र जरा गाळून घ्या. उंदरांत बरे झालेले आजार मोजले तर माणूस एव्हाना अमर व्हायला हवा होता. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मोठा लेख होता की भाजणं, मोठी इजा, एंडोटॉक्सिन, या सगळ्यांत माणसाची जनुकं जे करतात त्याच्याशी उंदराच्या जनुकांचं फारसं जुळत नाही. शिवाय तुमचे उंदीर एकाच घराण्यातले, एकाच खाद्यावर, एकाच तापमानात, आणि तुम्हीच लिहिलंय, नुसते नर. तुमची आई यांपैकी काहीच नाही.

आणि वातींचे तीन आकडे: ४, ११, आता चालू. तीन ठिपके आहेत. रेष काढू नका.

कातळावरचा | ३ ऑगस्ट, सकाळी ६.२०

तिरकस, बरोबर. त्या लेखाबद्दल एक भर: तीच आकडेवारी घेऊन जपानच्या दोन संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडला आणि २०१५ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलं की भरपूर जुळतं. दोन्ही लेख एकमेकांशेजारी ठेवून वाचले की आकडेमोडीवरचा माझा विश्वास जरा कमी होतो आणि पिंजऱ्याकडे बघण्यावरचा वाढतो.

डोसाचा फरक तर तुम्ही म्हणता त्याहून मोठा आहे. स्वेच्छेने तयार झालेल्या निरोगी माणसांवर असे प्रयोग होतात. त्यांना किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम दिले की थंडी वाजून ताप भरतो. उंदराला त्याच किलोच्या हिशेबात तीनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास देतात, लाखपट म्हणा. गटारात, कणगीत, उकिरड्यावर राहणाऱ्या जातीला जिवाणूंच्या सालीचं कौतुक ते काय! आणखी एक, प्रयोगशाळेत २२ अंशांना ठेवलेल्या उंदराला मोठा डोस दिला की ताप येण्याऐवजी अंग थंड पडतं. त्याला आरामाला तीसेक अंश लागतात. म्हणजे थर्मामीटर तिथेही फसवतोच.

म्हणून आकडे आईला लावत नाहीये. लावतोय ती बघण्याची सवय. आम्हाला शिकवलेलं, उंदीर "बरा" झाला हे वजनावरून आणि तापमानावरून ठरवायचं नाही, घरट्यावरून ठरवायचं. संध्याकाळी अंधार करायच्या तासभर आधी पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाचा चौकोन ठेवायचा, साधारण ३ ग्रॅमचा. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट डीकन यांची ही पद्धत. सकाळी गुण द्यायचे. कापूस तसाच पडलेला, १. कुरतडलाय पण घरटं नाही, २ किंवा ३. चांगलं वाटीसारखं, उंदराच्या अंगापेक्षा उंच भिंतींचं, ५. घरटं बांधल्याशिवायही तो त्या पिंजऱ्यात जगतो, पण ठीक असेल तर बांधतोच.

माणसांबद्दल विचाराल तर २००९ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या गटाने अल्झायमरच्या साधारण ३०० रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवलं. मधल्या काळात संसर्ग किंवा इजा होऊन अंगात दाह झाला त्यांची बुद्धीची घसरण बाकीच्यांच्या सुमारे दुप्पट होती. कारण आणि परिणाम यातून सिद्ध होत नाही, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहितो.

रापण | ३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

आमच्या कणगीत उंदीर म्हातारो झालेलो मी काय बघूक नाय. त्याच्या आधीच मांजर नायतर घोणस त्याका म्हातारपणातसून सोडवता.

कातळावरचा | ३ ऑगस्ट, सकाळी ७.३०

रापण, विनोद केलात पण मुद्द्याचं बोललात. रानातला उंदीर वर्षभर जगला तरी नशीब. आम्ही ज्या काळ्या उंदरांबरोबर काम करायचो ती जात १९२१ पासून प्रयोगशाळेत वाढवलेली, सांभाळली तर दोन-अडीच वर्षं जगते. दोन वर्षांचा उंदीर म्हणजे माणसाचे सत्तरीला टेकलेले आजोबा. पाठीला पोक, मिशा विरळ, कातडी सैल. म्हातारा उंदीर ही माणसानेच निर्माण केलेली गोष्ट आहे. म्हातारा माणूसही तसा बराचसा तसाच म्हणा.

डॉ_खाडीपलीकडचा | ३ ऑगस्ट, दुपारी २.१०

दापोली बाजूला तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. आधी रागावतो, मग उत्तर देतो.

राग असा की नऊ वर्षं उंदीर सांभाळलेत म्हणून आईचं निदान पिंजऱ्यातून करू नका. ७६ वर्षांची बाई मंद झाली तर आधी साध्या गोष्टी बघायच्या. सोडियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. कोणत्या नव्या गोळ्या सुरू झाल्या? खोकल्याच्या औषधात, झोपेच्या गोळीत म्हाताऱ्या माणसाला गुंगवणारं बरंच काही असतं. बद्धकोष्ठ आहे का? ऐकू येतं का? डोळे? वाती म्हणजे बारीक काम. मोतीबिंदू तपासलाय का शेवटचा कधी?

आता उत्तर. सुरंगीताईंच्या सासूबाईंना झालं त्याला आम्ही डेलिरियम म्हणतो, गावात "वात झाला" म्हणतात. त्याचे दोन चेहरे. एक दादाला चहा देणारा, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा गप्प पडून राहणारा. त्याला घरचे म्हणतात "शांत झोपलीय बिचारी" आणि कोणी डॉक्टरला बोलवत नाही. हा दुसरा जास्त सुटतो आमच्या हातून. "वय झालं" हे मीही म्हणालोय लोकांना, थकलेल्या संध्याकाळी, चाळीसावा पेशंट बघताना. ते निदान नव्हे.

एक उलटा इशाराही देतो. म्हातारं माणूस गोंधळलं की लगेच लघवीवर खापर फोडून प्रतिजैविक सुरू करायची सवय आमच्या धंद्यात आहे. लघवीत जंतू सापडणं आणि संसर्ग असणं या दोन गोष्टी वेगळ्या. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात.

आणि कृपा करून कोणी "दाह आहे ना, मग दाहाची गोळी" म्हणून घरात ब्रुफेन वाटू नका. पावसाळ्यात तर नाहीच, लेप्टो असेल तर मूत्रपिंड आधीच धोक्यात, डेंगी असेल तर रक्तस्रावाची भीती. दाहविरोधी गोळ्या आधीपासून दिल्या तर अल्झायमर टळेल का, हे अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्यांवर नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन बघितलंय. २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या, फायदा दिसला नाही.

पुणेकर_कोकणवेडा | ३ ऑगस्ट, दुपारी ३.४५

हळद, आलं, गवती चहा यांचा काढा रोज दोन वेळा. दाह मुळापासून जातो. आमच्याकडे सगळे घेतात.

तिरकस | ३ ऑगस्ट, दुपारी ३.५८

तुमच्याकडे सगळे घेतात म्हणूनच पुण्यात कोणी आजारी पडत नाही.

नाचणी | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

डॉक्टरसाहेब, जरा वेगळा प्रश्न. सिंधुदुर्गातून लिहितेय. वडिलांना हत्तीपाय आहे, डावा. वर्षातून तीन-चार वेळा, जास्त करून लावणीच्या दिवसांत, पाय लाल होतो, जांघेत गाठ येते, हुडहुडी भरून ताप चढतो. पाच-सहा दिवसांनी जातो. प्रत्येक वेळी पाय थोडा आणखी जाड होतो, ते आम्हाला माहीत होतं. पण हा धागा वाचल्यावर मी आईला विचारलं, "बाबा प्रत्येक वेळी थोडे गप्प पण होतात का?" ती म्हणाली, "तुला आज कळलं?" हा पण पुन्हा पुन्हा येणारा दाहच ना?

डॉ_खाडीपलीकडचा | ३ ऑगस्ट, रात्री ९.२०

नाचणी, हो, अगदी पुन्हा पुन्हा येणारा दाह. तो गप्प होण्यामागे दाह किती, दुखणं किती आणि चारचौघांत पाय लपवून बसण्याचा कंटाळा किती, हे वेगळं काढता यायचं नाही. पण ते झटके कमी करता येतात, आणि याला महागडं काही लागत नाही.

हे झटके बहुतेक वेळा हत्तीरोगाच्या कृमीमुळे नसतात. सुजलेल्या पायातली लसीकावाहिन्यांची निचऱ्याची व्यवस्था बिघडलेली असते. तिथे बोटांच्या बेचक्यात चीर पडली, चिखल्या झाल्या की त्यातून साधे जिवाणू आत जातात आणि अडकतात. म्हणून रोज रात्री पाय साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवायचा, घासायचा नाही. घडी-घडी उलगडून, प्रत्येक बेचकं मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं. चीर दिसली तर मलम. बसताना, झोपताना पाय उंचावर. लावणीत उतरायचं झालं तर गुडघ्यापर्यंतचे बूट. सरकारी गोळ्या वाटतात त्या कृमीसाठी, त्या घ्याव्याच, पण झटके थांबतात ते धुण्याने आणि कोरडं करण्याने. कोणीतरी घरचं खाली बसून ते बेचकं रोज बघायला हवं.

भरती_ओहोटी | ४ ऑगस्ट, सकाळी ११.०५

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, उशिरा आले धाग्यावर. लेप्टोचा विषय निघालाय तर एक गंमत. ज्या टीएलआर-४ बद्दल वर लिहिलंय तो पहारेकरी उंदरात आणि माणसात तंतोतंत सारखा नाही. लेप्टोस्पायराची जी साल आहे ती उंदराचा पहारेकरी ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. उंदीर, घुशी आयुष्यभर मूत्रपिंडात तो जंतू बाळगून मजेत फिरतात, लघवीतून वाफ्यात सोडतात आणि अनवाणी लावणी करणारी बाई मरणाच्या दारात जाते. एवढ्या एकाच गोष्टीमुळे हे घडतं असं नाही, पण "उंदीर वेगळा" म्हणणाऱ्या तिरकसांना हे उदाहरण भेट.

आणि "सरावतं की चिघळतं" यावर जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या गटाचं २०१८ चं काम बघण्यासारखं आहे. अल्झायमरसारखा आजार होणाऱ्या उंदरांना तरुणपणी एलपीएसचा एकच डोस दिला, काहींना लागोपाठ चार दिवस चार. सहा महिन्यांनी मेंदू बघितले. एक डोसवाल्यांत प्रथिनांच्या गाठी वाढलेल्या, चार डोसवाल्यांत कमी. मायक्रोग्लिया पेशी सहा महिन्यांपूर्वीचा तो प्रसंग लक्षात ठेवून होत्या. म्हणजे "जितका दाह जास्त तितकं वाईट" असा सरळ हिशेब नाही. किती, किती अंतराने आणि कोणत्या वयात, यावर सगळं फिरतं. धागाकर्त्याचं राखण्याचं उदाहरण आवडलं, पण काही राखणे रोज वानरं बघून कंटाळतात आणि झोपतात हेही त्यात घाला.

आबोली_८२ | ४ ऑगस्ट, दुपारी १.३०

सगळं पटलं, पण मला त्या उंदरांचं वाईट वाटतंय. दोन वर्षं सांभाळायचं आणि म्हातारा झाला की टोचायचं. तुम्हाला काही वाटायचं नाही का हो?

कातळावरचा | ४ ऑगस्ट, रात्री ९.५०

आबोली, वाटायचं. नियम आहेत, प्रत्येक प्रयोगाला नीतिसमितीची परवानगी लागते, किती उंदीर आणि का हे आधी लिहून द्यावं लागतं, ठरलेल्या मर्यादेपलीकडे वजन घटलं की प्रयोग तिथेच थांबतो. हे सगळं कागदावर बरोबर आणि आमच्याकडे पाळलंही जायचं. तरी वाटायचं.

एक होता, डाव्या कानाला दोन खाचा. खाचांवरून ओळखायचो. बावीस महिन्यांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, शेपटी ताठ. घरटं बांधण्यात पटाईत, दर वेळी ५. पहिल्या डोसानंतर दोन रात्री १, मग परत ५. दुसऱ्यानंतर चार-पाच रात्री, मग ४. तिसऱ्यानंतर एका सकाळी बघितलं तर कापसाचा चौकोन होता तिथेच, पण त्याच्या एका कोपऱ्यावर तो डोकं ठेवून झोपलेला. कुरतडलेला नव्हता. गुणांच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. मी १ लिहिलं. वजन पूर्ववत होतं, खाणं पूर्ववत होतं.

डॉक्टर, तुमचा राग पोहोचला. रक्ताच्या तपासण्या उद्या. डोळ्यांचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं, आणि लाज वाटते कारण म्हाताऱ्या उंदराचा अशक्तपणा मोजायचा कॅनडातल्या सुझन हॉलेट यांच्या गटाचा ३१ गोष्टींचा तक्ता आम्ही वापरायचो. प्रत्येकाला शून्य, अर्धा किंवा एक गुण. केस, मिशा, पोक, चाल, थरथर, आणि त्यात मोतीबिंदू होता! उंदराचे डोळे दर महिन्याला बघितले मी.

सुरंगी | ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

डोळे दाखवा जरूर. पण वात डोळ्यांनी वळत नाहीत हो. माझी आजी दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती, शेवटपर्यंत वळायची. बोटांना कळतं.

कातळावरचा | ११ ऑगस्ट, दुपारी ४.१५

धोपाव्याहून फेरीबोटीने आईला पलीकडे नेऊन आणलं. अहवाल: उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, डावा बरा. हिमोग्लोबिन ९.१. सोडियम किंचित कमी. बी-१२ तळाला. खोकल्याच्या औषधासोबत ॲलर्जीची एक गोळी महिनाभर चालूच राहिली होती, ती कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ती बंद केली. इंजेक्शनं सुरू झाली, ऑपरेशन गणपतीनंतर.

म्हणजे तिरकस जिंकले असं वाटेल. पण मोतीबिंदू जूनमध्येही होता आणि बी-१२ एका महिन्यात तळाला जात नाही. तीन तापांआधी यांतलं बहुतेक सगळं होतं आणि वाती होत होत्या. मला वाटतं जुनी गलबतं अशीच असतात, चार ठिकाणी झिरपत असतात आणि तरी तरंगतात, मग वादळ येतं.

तिरकस | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५.०२

जिंकण्या-हरण्याचं राहू द्या. गोळी बंद झाली हे उत्तम. फक्त आता इंजेक्शनं, गोळी बंद आणि नुसता काळ, असं तिन्ही एकदम चाललंय, तेव्हा त्या बऱ्या झाल्या तर कशाने झाल्या हे तुमच्या वहीला कळणार नाही. कळलं नाही तरी चालेल म्हणा.

डॉ_खाडीपलीकडचा | ११ ऑगस्ट, रात्री ८.४०

चालेल. दिवसा अंथरुणावर पडून राहू देऊ नका. सकाळी उजेडात बसवा, चष्मा नाकावर, रोज दोन वेळा अंगणापर्यंत चालणं, पाणी हातात आणून द्या, म्हातारपणी तहान कळत नाही. मटणाचा रस्सा नसेल चालत तर कुळथाचं पिठलं, अंडं, दूध, काहीतरी प्रथिनं जाऊ द्या पोटात, नुसत्या पेजेवर अंग भरत नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचं पावसाळा संपताना विचारा. पुढचा ताप टळला तर तेवढंच. आणि वाती करायला सांगू नका. पिशवी खुंटीवरून काढून हाताशी ठेवा फक्त.

नाचणी | १६ ऑगस्ट, सकाळी ८.००

बाबांचा पाय रोज रात्री आईच धुते. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात चीर होती, इतक्या वर्षांत कोणी बघितलीच नव्हती.

कातळावरचा | १९ ऑगस्ट, दुपारी ३.३५

ताप उतरल्याला आज २६ दिवस. पिशवी आठवडाभर पडवीत तिच्या शेजारी होती, ती तिच्याकडे बघायचीही नाही. आज जेवणानंतर मी आत बागेच्या खतांचा हिशेब करत होतो. बाहेर आलो तर फडकं मांडीवर, वाटीत दूध. अकरा फुलवाती झाल्या होत्या. दोन-तीन वाकड्या, एकीचं टोक वळायचं राहिलेलं. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "कसला कापूस आणलास, सगळा सरकीने भरलाय."

कापूस तोच आहे, जूनमधला.

आता वहीत काय लिहू, ३ की ४?

रापण | १९ ऑगस्ट, दुपारी ३.५०

४ घाल. आणि कापूस बदल आधी.